यंत्रासमोर डाव मांडायचाच असेल तर

प्रश्न थोडक्यात असा आहे: जगातल्या पहिल्या दहा-वीसांतला खेळाडू बुद्धिबळाच्या इंजिनशी, म्हणजे बुद्धिबळ खेळणाऱ्या संगणक-प्रोग्रामशी, सामना खेळायला बसणार असेल, तर त्यानं कसं खेळावं? आपला नेहमीचा खेळ खेळावा, की यंत्राला न मानवणारं काहीतरी वेगळं करावं? आणि कास्पारोव, क्रामनिक या विश्वविजेत्यांच्या तोडीचे लोक हरले ते नेमके कशामुळे?

खेळाडूंची तयारी करून देणं हे माझं काम. दिवसाचे कित्येक तास इंजिन समोर उघडं असतं, त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

कटू गोष्ट आधी सांगून टाकतो. बरोबरीच्या अटींवर आज जिंकण्याचा विचार सोडून द्यावा. स्पर्धेच्या वेळेत, पूर्ण पटावर, नामवंत खेळाडूनं अव्वल इंजिनला हरवल्याचं शेवटचं ठळक उदाहरण नोव्हेंबर २००५चं आहे. बिल्बाओला रुस्लान पोनोमारिओवनं फ्रिट्झ या इंजिनला हरवलं ते. त्याच वर्षी जूनमध्ये लंडनला मायकल अ‍ॅडम्स हायड्रा या यंत्राकडून साडेपाच विरुद्ध अर्धा असा झोपला होता. आणि २००९ साली पॉकेट फ्रिट्झ या मोबाइलवर चालणाऱ्या प्रोग्रामनं ब्युनोस आयर्सची एक स्पर्धा दहापैकी साडेनऊ गुणांनी जिंकली. खिशातला फोन ग्रँडमास्टरांच्या ताकदीच्या वर गेला, तिथे मूळ वाद मिटला.

तरी प्रश्नाला अर्थ उरतो. एक तर मोहरं किंवा प्यादं सवलत घेऊन (म्हणजे यंत्र ते मोहरं कमी घेऊनच डाव सुरू करतं) खेळलेले सामने आजही होतात आणि त्यांत खरी चुरस असते. दुसरं म्हणजे जुने सामने पुन्हा पटावर मांडले की लक्षात येतं, यंत्राच्या खोल गणितापुढे माणूस खचला असे डाव जेवढे वाटतात तेवढे नाहीत. माणसानं आपल्या हातानं देऊन टाकलेले डाव मात्र ढीगभर सापडतात.

सगळ्यांना ठाऊक असलेलं उदाहरण बॉनचं. २००६, क्रामनिक विरुद्ध डीप फ्रिट्झ, दुसरा डाव. क्रामनिक काळ्या मोहऱ्यांनी खेळत होता आणि त्याची परिस्थिती मुळीच वाईट नव्हती. ३४व्या चालीला फ्रिट्झच्या घोड्यानं एफ८ वर मारलं होतं (पटाचे उभे रकाने ए ते एच, आडव्या ओळी १ ते ८). क्रामनिकनं शांतपणे वजीर ई३ वर आणला, म्हणजे वजिरावजिरी, वजिरांची अदलाबदल, मागितली. पांढरा वजीर ई४ वरून सरळ एच७ वर गेला आणि मात. एका चालीत मात, विश्वविजेत्याला! लोक हसले, पण मी माझ्या विद्यार्थ्यांना ही स्थिती दाखवतो तेव्हा अजूनही एखादा तीच चाल सुचवतो. एच७ वरच्या मातेत वजिराला आधार बहुतेक वेळा जी५ वरचा घोडा देतो, नाहीतर त्याच तिरक्या रेषेवरचा उंट. एफ८ वर बसून मागच्या बाजूनं आधार देणारा घोडा आपण आयुष्यात दोन-चारदाच पाहतो. आपलं डोकं ओळखीच्या आकृत्यांवर चालतं, यंत्र आकृती ओळखत बसत नाही. ते सगळे शह तपासतं, दर चालीला, न कंटाळता.

कास्पारोव आणि डीप ब्लू हा संगणक यांच्यातल्या १९९७च्या न्यूयॉर्कच्या सामन्यातला दुसरा डाव याहून वेगळ्या तऱ्हेनं गेला. डीप ब्लू सेकंदाला वीस कोटी स्थिती तपासत असे. ३६-३७व्या चालींच्या सुमारास त्यानं प्यादं खाण्याची सोपी संधी सोडून, माणसानं खेळावा तसा पट आवळला. कास्पारोव हादरला. ४५व्या चालीनंतर त्यानं डाव सोडला, आणि नंतरच्या विश्लेषणात निघालं की शेवटच्या स्थितीत सततच्या शहानं बरोबरीची वाट होती. समोर माणूस असता तर कास्पारोवनं ती वाट शोधलीच असती, असं मला वाटतं. यंत्रानं ही वाट ठेवलीच नसणार, हे त्यानं गृहीत धरलं. म्हणून पहिला नियम: यंत्राविरुद्ध डाव सोडायचा नाही, मात दोन चालींवर दिसत असेल तरच सोडायचा. इंजिन जे खेळतं ते त्याला दिसतं तेवढंच असतं. त्याच्याकडे सर्वज्ञता आपणच सोपवतो.

त्याच सामन्याचा सहावा डाव तर १९ चालींत आटोपला. कारो-कान बचावात कास्पारोवनं सातव्या चालीला एच-प्यादं एक घर सरकवलं. यामुळे पांढऱ्याला ई६ वर घोड्याचा बळी देता येतो, हे पुस्तकी ज्ञान होतं. यंत्राला अशा बळीचं फळ लगेच दिसत नाही, तेव्हा ते घोडा देणार नाही, असा हिशेब असावा. पण ती चाल डीप ब्लूच्या ओपनिंग बुकातच, म्हणजे आधीच भरून ठेवलेल्या सुरुवातीच्या चालींच्या यादीतच, होती. त्याला पटावर बसून काही शोधावंच लागलं नाही. प्रतिस्पर्ध्याच्या विचारपद्धतीवर पैज लावताना तो त्या क्षणी विचार करत असेल का, हे आधी पाहायला हवं.

आता यंत्राला न मानवणाऱ्या खेळाबद्दल. ही कल्पना जुनी आहे आणि एकेकाळी तिला खरंच दम होता. स्कॉटिश खेळाडू डेव्हिड लेव्ही यानं १९६८ साली पैज लावली की दहा वर्षांत कुठलाही संगणक आपल्याला सामन्यात हरवणार नाही, आणि १९७८ साली चेस ४.७ या प्रोग्रामला साडेतीन-दीड असं हरवून ती जिंकली. त्याची युक्ती अशी की काहीच करायचं नाही, पण ते काळजीपूर्वक करायचं. म्हणजे आक्रमण करायचं नाही, पट उघडायचा नाही, यंत्राला स्वतःचं नुकसान करून घेण्यासाठी वेळ द्यायचा. अकरा वर्षांनी, १९८९ला, डीप थॉट या संगणकानं त्याच लेव्हीला ४-० असं धुतलं.

या पद्धतीचा सर्वांत सुंदर नमुना मात्र २००३चा आहे. कास्पारोव विरुद्ध एक्सथ्रीडी फ्रिट्झ, तिसरा डाव. (त्रिमितीय चष्मा घालून पडद्यावर तरंगणाऱ्या पटाकडे बघत कास्पारोव खेळत होता. ते सोंग बाजूला ठेवू.) त्यानं सहाव्या चालीला सी-प्यादं सी५ वर ढकललं, मग बी४, बी५ आणि बाराव्या चालीला बी६. वजिराच्या बाजूला प्याद्यांची भिंत उभी राहिली, मध्यभागी डी४, डी५, ई३, ई४ एकमेकांत अडकलेली. अशा पटावर काळ्याला एकच काम असतं: राजाच्या बाजूला एफ-प्यादं पुढे न्यायचं आणि तिथून पट फोडायचा. पंधरा वर्षांच्या क्लबच्या मुलालाही हे कळतं. फ्रिट्झला कळलं नाही, कारण त्या योजनेचं फळ त्याच्या गणिताच्या टप्प्यापलीकडे होतं आणि अलीकडच्या सगळ्या चालींचे गुण त्याला सारखेच दिसत होते. चौदाव्या चालीला त्यानं उंट डी६ वर नेला, पंधराव्याला परत ई७ वर आणला. सोळाव्याला कास्पारोवच्या घोड्यानं ए५चं प्यादं उचललं. पुढे पांढरा राजा कॅसलिंग (राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवून राजाला सुरक्षित करणं) न करता पायी चालत डी१, सी१, बी२ करत थेट ए१च्या कोपऱ्यात जाऊन बसला. फ्रिट्झची मोहरी तोवर इकडून तिकडे येरझारा घालत होती. ४५व्या चालीला चालकांनी डाव सोडला.

हा डाव पाहून अनेकांना वाटतं की सूत्र सापडलं: पट बंद करा. हिकारू नाकामुरानं २००८ला रिब्का या इंजिनविरुद्ध ब्लिट्झमध्ये (काही मिनिटांच्या डावात) हेच केलं. पट पूर्ण गोठवला, ५० चालींच्या नियमानं (५० चालींत मारामारी किंवा प्याद्याची चाल झाली नाही तर बरोबरी) डाव बरोबरीत सुटू नये म्हणून रिब्का स्वतःच पट फोडायला गेली आणि २७१ चालींनी हरली. गंमत म्हणून भारी आहे. पण कास्पारोवनं त्याच फ्रिट्झविरुद्धचा दुसरा डाव हत्तीच्या एका चुकीच्या चालीनं घालवला होता आणि सामना २-२ असाच सुटला, हे कुणी सांगत नाही. एका बंद डावासाठी तुम्हाला यंत्राची साथ लागते, म्हणजे त्यानं तुमच्या मनासारखी ओपनिंग खेळायला हवी. आणि २०२०नंतर, स्टॉकफिश या इंजिनमध्ये न्यूरल नेटवर्कचं मूल्यमापन आल्यापासून, बंद पटातलं त्याचं अडाणीपणही बरंचसं गेलं. भिंत पूर्ण व्हायच्या आतच ते एखादं प्यादं देऊन फट पाडतं.

एक कच्चा दुवा अजून शिल्लक आहे, तो म्हणजे अभेद्य किल्ला. एका बाजूकडे मोहरं जास्त, पण आत शिरायला जागाच नाही, अशा काही स्थितींत इंजिन अजूनही दोन-अडीच गुणांची (एक गुण म्हणजे साधारण एक प्यादं) आघाडी दाखवत राहतं आणि डाव बरोबरीचाच असतो. ज्याला असे किल्ले ओळखता येतात त्याला अर्धा गुण वाचवायची संधी मिळते. जिंकायची नाही, वाचवायची.

माझं मत असं की मुद्दाम वाकडं खेळण्यात तोटाच जास्त. १९९७च्या तिसऱ्या डावात कास्पारोवनं पहिली चाल डी३ खेळली, यंत्राला बुकाबाहेर काढायला. यंत्र बुकाबाहेर गेलं, पण तोही स्वतःच्या ओळखीच्या प्रदेशाबाहेर गेला. पांढऱ्या मोहऱ्यांचा फायदा गेला आणि डाव बरोबरीत सुटला. अनोळखी स्थितीत प्रत्येक चाल मोजून खेळावी लागते, आणि मोजण्यात समोरचा तुमच्यापेक्षा लाखो पटींनी वेगवान आहे. तुमच्या बोटांना सवय असलेल्या स्थिती निवडा. फक्त त्यांतल्याही अशा, जिथे दर चालीला ‘आता चुकलो तर मेलो’ असा निर्णय नसतो.

क्रामनिकला हे उत्तम समजलं होतं. २००२ला बहारीनमध्ये डीप फ्रिट्झविरुद्ध त्यानं दुसरा आणि तिसरा डाव लवकर वजिरावजिरी करून, शांतपणे पिळून जिंकला. चार डावांनंतर तो ३-१नं पुढे होता. पाचव्यात थकव्याच्या भरात घोड्याचा एक साधा शह नजरेतून सुटला. सहाव्यात त्याला एफ७ वर घोड्याचा बळी सुचला. सुंदर होता, मान्य. पण हा बळी माणसाविरुद्ध द्यायचा असतो. माणसाचे हात थरथरतात, घड्याळ संपत आलेलं असतं, तो चुकतो. इंजिन बळी स्वीकारतं आणि एकेक बचावाची चाल खेळत राहतं, कारण त्याला सुंदर काय ते दिसत नाही. तोही डाव गेला, उरलेले दोन बरोबरीत सुटले आणि सामना ४-४. पाच डाव शहाणपणानं बसलेल्या माणसाला सहाव्या दिवशी कलाकार व्हावंसं वाटलं! खेळाडूला सामन्याआधी मी हेच बजावतो: धमकीला, दबावाला, आत्मविश्वासानं मोहरं ठेवण्याला इथे शून्य किंमत आहे.

घड्याळाचंही तसंच. तुम्ही विचार करत असता तेव्हा यंत्रही विचार करत असतं, आणि तुमची चाल त्यानं आधीच ओळखली असेल तर उत्तर क्षणात येतं. समोरून अशा तीन-चार चाली फटाफट आल्या की माणूस नकळत स्वतःही वेग वाढवतो. मी खेळाडूंना सांगतो, झटपट उत्तर आलं की हात मांडीखाली घ्या आणि पट नव्यानं वाचा: सगळे शह, सगळ्या मारामाऱ्या, मग बाकीचं. वेळेचा किती फरक पडतो ते विश्वनाथन आनंदच्या १९९८च्या इस्चिया इथल्या रेबेल १० या प्रोग्रामविरुद्धच्या सामन्यात दिसतं. एकूण निकाल ५-३ असा यंत्राच्या बाजूनं. पण त्यातले चार ब्लिट्झ डाव आनंदनं १-३ गमावले आणि पूर्ण वेळेचे दोन डाव मात्र दीड-अर्धा असे जिंकले. खेळाडू तेच, आठवडा तोच. म्हणून घड्याळात जेवढा वेळ मागता येईल तेवढा मागावा.

इथून वाटाघाटींकडे येतो, कारण माझ्या मते सामन्याचा मोठा भाग करारावर सही होते तिथेच ठरतो. डीप ब्लूचे डाव कास्पारोवला आधी बघायला मिळाले नव्हते, आणि दोन डावांच्या मध्ये यंत्रात बदल करण्याची मुभा होती. कास्पारोवचे सगळे डाव मात्र समोरच्यांकडे होते. क्रामनिक यातून शिकला. बहारीन आणि बॉन, दोन्ही वेळा त्यानं प्रोग्रामची प्रत आधी मागून घेतली. बॉनला तर यंत्र बुकातल्या चाली खेळत असेपर्यंत ते बुक त्याला पडद्यावर दिसत होतं. तरीही तो ४-२ हरला, पण ती हार अटींमुळे नव्हती. प्रत घरी असली की सराव खरा होतो. कुठल्या रचनेत ते वजिरावजिरीला तयार होतं, कुठे प्यादं खायला धावतं, ते प्रत्यक्ष बघता येतं. एका खेळाडूच्या तयारीत मी फक्त अशा रचनांची वही केली होती. ओपनिंगची नावं नव्हतीच तिच्यात, नुसत्या प्याद्यांच्या आकृत्या.

विश्रांतीचा दिवस एक दिवसाआड हवाच. पैशांची रचनाही बघावी. बॉनला क्रामनिकला खेळण्याचे पाच लाख डॉलर ठरले होते, जिंकल्यास दहा. बरोबरीला काही जास्त मिळणार नसेल तर खेळाडू शेवटच्या डावात उगाच धोका पत्करतो. यंत्राशी खेळताना बरोबरी हा चांगला निकाल आहे आणि करारात तो चांगला निकाल म्हणून लिहिलेला असला पाहिजे.

एंडगेमबद्दल, म्हणजे डावाच्या शेवटच्या टप्प्याबद्दल, थोडं, कारण ‘वजीर उतरले की सुरक्षित’ हा समज फार घातक आहे. पटावर राजे धरून सात किंवा कमी मोहरी उरली की टेबलबेसमध्ये (अशा सगळ्या स्थितींच्या आधीच सोडवून ठेवलेल्या संग्रहात) परिपूर्ण उत्तर तयार असतं. तिथे यंत्र गणितही करत नाही, नुसतं वाचतं. माझा एक विद्यार्थी, ग्रँडमास्टर, सरावाच्या डावात हत्ती विरुद्ध हत्ती आणि एक प्यादं अशा एंडगेममध्ये उतरला. फिलिडोरची स्थिती, लहानपणी पाठ केलेली: हत्ती तिसऱ्या ओळीवर धरून शत्रूच्या राजाला अडवून ठेवायचं, प्यादं त्या ओळीवर आलं की मगच हत्ती पटाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन मागून शह द्यायचे. पाचवा तास होता. त्यानं शह एक चाल लवकर सुरू केले, प्यादं अजून मागेच असताना. राजाला प्याद्यापुढे आसरा मिळाला आणि डाव गेला. त्याला विचारलं तर नियम त्यानं घडाघडा म्हणून दाखवला. म्हणून आता आम्ही बरोबरीच्या एंडगेमचा सराव सकाळी ताज्या डोक्यानं करतच नाही. चार तासांचा डाव झाल्यावर करतो. नेमक्या त्याच वेळी त्याची गरज पडते.

राहता राहिले सवलतीचे सामने. आजच्या घडीला खरा खेळ इथेच आहे, आणि इथे सल्ला बराच उलटा होतो. एका प्याद्याची सवलत अपुरी आहे हे २००७लाच दिसलं. यान एहल्वेस्ट रिब्काकडून प्यादं घेऊनही साडेपाच-अडीच हरला. जानेवारी २०१६मध्ये नाकामुरा कोमोडो या इंजिनशी वेगवेगळ्या सवलती घेऊन चार डाव खेळला. तीन बरोबरीत सुटले, शेवटचा गेला. आता लिचेस या ऑनलाइन बुद्धिबळाच्या संकेतस्थळावर लीला या इंजिनच्या अशा आवृत्त्या आहेत ज्या एक अख्खा घोडा कमी घेऊन खेळतात आणि वेगवान डावांत ग्रँडमास्टरांनाही हरवतात. या आवृत्त्या सवलतीच्याच डावांसाठी घडवलेल्या आहेत. मोहऱ्यांची मारामारी टाळायची, पट भरलेला ठेवायचा, समोरच्याला अवघड प्रश्न विचारत राहायचं. थोडक्यात, डाव गुणांनी हरलेला असताना एखादा बेरकी म्हातारा क्लब खेळाडू जसा खेळतो, तशा.

त्यांच्याविरुद्ध मोहऱ्यांची मारामारी करा, प्याद्यांची नको. प्यादी उरली तरच शेवटी जादा घोड्याला काम मिळतं. कॅसलिंग लवकर. मारामारी विकत घेण्यासाठी एखादं प्यादं परत द्यावं लागलं तर खुशाल द्या. बहुतेकजण इथे कंजूषपणा करतात आणि मग घोड्यासकट अडकून मरतात. राजासमोरचं प्यादं गरज नसताना हलवू नका. आणि जिंकण्याचा रस्ता लवकर दिसला तरी आधी सगळी मोहरी घरातून बाहेर काढा.

माझ्या खेळाडूला उद्या कुणी असा सामना देऊ केला तर मी काय मागेन? घोड्याची सवलत, पूर्ण वेळेचे सहा डाव, एक दिवसाआड, इंजिनची गोठवलेली प्रत दोन महिने आधी. प्याद्याची सवलत देत असतील तर नम्रपणे नकार. घोडा देऊन ब्लिट्झ म्हणत असतील तर प्रदर्शनाचं मानधन घेऊन मजेत खेळावं, निकालाची बोली लावू नये. घोडा आणि पूर्ण वेळ मिळाली, तर मात्र मी पैसे माणसावर लावीन.